खंडेनवमीची जीप

चाकांखाली ठेवलेली चारही लिंबं फुटली, तरी बाळासो जीपमधनं उतरेना.

उद्यमनगरातल्या 'चौगले स्टेअरिंग वर्क्स'मध्ये खंडेनवमी चाळीस वर्षं एकाच रीतीनं होत आली होती. आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलनं धुवायची, नवमीला सकाळी पाटावर मांडायची, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा, आणि शेवटी घरच्या जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवून ती हातभर पुढं घ्यायची. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसरा चौकात सोनं लुटून परत येईपर्यंत एकाही पान्याला हात लावायचा नाही. एका वर्षी एका साखर कारखान्याच्या चेअरमनांची गाडी नेमकी खंडेनवमीला दारात येऊन बंद पडली होती. बाळासोच्या वडिलांनी, अण्णासोंनी, त्यांना पाट मांडून पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली, पण पाना काही उचलला नाही. चेअरमन ढेकर देत रिक्षानं गेले.

"उतर की लेका," अण्णासो म्हणाले. "लिंबं फुटली. आता झाडं उगवायची वाट बघतोयस व्हय?"

बाळासो उतरला, हसला, वडिलांच्या पाया पडला, प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं. पण लक्ष सगळं जीपकडं होतं. त्या हातभर अंतरात त्याच्या हातांना जे कळायचं ते कळलं होतं. चाकं सरळ होती आणि स्टेअरिंग तिरकं. हार नीट करायच्या निमित्तानं तो पुन्हा आत वाकला आणि स्टेअरिंग हळूच डावीकडं ओढून बघितलं. सव्वा फेरा फिरलं आणि अडलं. उजवीकडं मात्र सव्वादोन फेरे सुखानं फिरत गेलं.

स्टेअरिंग बॉक्सच्या बुडाला एक लोखंडी हात असतो, ड्रॉप आर्म. तो दात्यांवर बसतो आणि चाकांना ओढतो. तो एका दात्यानं सरकून बसला, की बॉक्सचा मध्य एकीकडं आणि चाकांचा मध्य दुसरीकडं. मग गाडी उजवीकडं मनमोकळी वळते आणि डावीकडं वळायचं म्हटलं की नाक मुरडते. चौगल्यांच्या गॅरेजात अशी चूक कुणी केली, तर आठवडाभर चहाच्या वेळी त्याची टर उडायची. आणि या जीपचा बॉक्स परवा, अष्टमीच्या आदल्या दिवशी, खुद्द बाळासोनं बसवला होता.

बसवायला सांगितला होता तो अण्णांनीच, आणि कशासाठी ते सगळ्या घराला माहीत होतं. मिलिटरीच्या लिलावात घेतलेली ती जीप दर दसऱ्याला घरच्यांना घेऊन दसरा चौकात जायची, आणि चाळीस वर्षांत अण्णांशिवाय दुसऱ्या कुणी ती रस्त्यावर चालवली नव्हती. गणपती बसले त्या दिवशी अण्णांनी जेवताना जाहीर केलं होतं, की यंदा दसऱ्याला स्टेअरिंग ज्याच्या हातात देईन, गॅरेजही त्याच्याच हातात. बाळासो थोरला, बेचाळिशीचा, केस पिकायला लागलेला. धाकटा कृष्णात छत्तिशीचा, बोलायला तरबेज, गिऱ्हाइकांचा लाडका. दोघांनीही त्या दिवशी ताटातली भाकरी तशीच धरून एकमेकांकडं बघितलं होतं. तेव्हापासून महिनाभर कृष्णात अण्णांच्या चहात साखर स्वतः ढवळत होता.

आणि आता हे. उद्या दुपारी अण्णा जीपमध्ये बसणार, गल्लीच्या तोंडाशी पहिलंच वळण डावं, तिथं गाडी पानपट्टीच्या खोक्यावर जाणार, आणि बाळासोची पंचवीस वर्षांची कारागिरी उद्यमनगराच्या दिवाळी फराळापर्यंत चघळली जाणार. बाळासोला आठवत होतं, त्यानं पंच ठोकून दात्यावर आणि आर्मवर खुणा मारल्या होत्या, खुणेला खूण जुळवली होती. पण आता त्याचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

"अवो, तोंड का उतरलंय?" पुरणाचा हात पदराला न लावता शालननं विचारलं. पंचवीस वर्षांचा नाही, पण वीस वर्षांचा संसार झाला होता. कुरुंदवाडच्या या बाईपासून काही लपवायचं तर आधी चेहरा घरी ठेवून यावं लागे. बाळासोनं तिला सांगितलं. शालननं कपाळाला हात लावला, पुरण कपाळाला लागलं.

"गप बसा. आनि त्या किसन्याला कळू देऊ नगासा," ती म्हणाली.

किसन्याला, म्हणजे कृष्णातला, तोपर्यंत कळलं होतं. तो जीपच्या दुसऱ्या बाजूला बंपर पुसत बसला होता. त्यानं उठून फडकं झटकलं आणि प्रेमानं विचारलं, की दादा, उद्या अण्णांना आपण रिक्षानं नेऊ या का. बाळासोला त्या क्षणी पाटावरची मोठी हातोडी दिसली, पण तिच्यावर झेंडू होता.

जेवताना घरात दोन पक्ष पडले. शालन कृष्णातच्या ताटात न मागता तिसरी पोळी वाढत होती आणि त्याला आठवण करून देत होती, की सणाला माहेरी गेलेल्या त्याच्या बायकोचं, मोनाचं बाळंतपण कुणी केलं, आणि त्याच्या पहिल्या अपघातात अण्णांच्या शिव्या कुणी पदरात घेतल्या. कृष्णात पोळी खात होता आणि काही कबूल करत नव्हता. अण्णा वाटीतली कटाची आमटी भुरकत मध्येच म्हणाले, की उद्या सगळ्यांनी दोनला तयार राहा. बाळासोला ठसका लागला.

तोडगा निघाला तो शिवानीकडनं. बाळासोची ही एकोणीस वर्षांची लेक पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईलच्या दुसऱ्या वर्षाला होती. अख्ख्या वर्गात मुली दोनच, ती आणि संघप्रिया. हात धुताना तिनं बापाला मोरीपाशी गाठलं आणि हळूच सांगितलं, की आपली हत्यारं पूजेत आहेत हे खरं, पण सगळ्या उद्यमनगराची नाहीत. संघप्रियाचे वडील आकारामतात्या समोरच टेम्पोचं गॅरेज चालवत. त्यांच्या घरी उद्या धम्मचक्र दिन, खंडेनवमी नाही. शिवाय दसऱ्याच्या आधी एक टेम्पो द्यायचा म्हणून ते आजही काम करत होते.

"हत्यार आपलं न्हाई, म्हंजे मोडलं काय?" शिवानीनं विचारलं. "काईच न्हाई."

बाळासोनं तिच्याकडं बघितलं. एवढं डोकं आपल्याकडनं गेलेलं नाही, हे त्याला पटलं.

अडचण एकच होती. अण्णा दोन ते चार झोपत, आणि खंडेनवमीला त्यांची खाट गॅरेजातच, पूजेच्या पाटाशेजारी असे. हत्यारांची राखण म्हणायचे. खाट आणि जीप यांच्यात चार पावलांचं अंतर. तेव्हा जीप ढकलत समोरच्या शेडमध्ये न्यायची आणि ते उठायच्या आत परत आणून लावायची, असं ठरलं. ढकलायला बाळासो, शालन आणि शिवानी. स्टेअरिंगला माणूस हवा होता. तिघांनीही कृष्णातकडं बघितलं.

"मी का म्हून मदत करू?" कृष्णात म्हणाला. "माझा यात काय फायदा?"

"तिसरी पोळी खाल्लीस की," शालन म्हणाली.

कृष्णात बसला. अण्णांचा श्वास लांब झाल्यावर चौघांनी जीप हलवली. बाहेर काढायला डावं वळण घ्यावं लागणार होतं, आणि तेच तर जीपला येत नव्हतं. पुढं गेली, अडली. मागं घेतली, पुन्हा पुढं, पुन्हा अडली. हारातले झेंडू रस्ताभर गळत होते. समोरनं सायकलवरनं चाललेला एक इसम थांबला आणि पावणं, बॅटरी उतरली काय, म्हणून विचारू लागला. शालननं तोंडावर बोट ठेवून त्याला असा काही दम दिला, की तोही सायकल लावून ढकलायला लागला. पाचव्या खेपेला जीप वळली. अण्णा कूस बदलून पुन्हा घोरू लागले.

आकारामतात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. त्यांच्या हत्यारांच्या दांड्यांना निळ्या रंगाचा पट्टा असायचा, हरवलं तरी ओळखू यावं म्हणून. त्यांनी पाने काढून दिले, घट्ट बसलेला भाग ओढून काढायचा पुलर काढून दिला, आणि म्हणाले, "अण्णासोंनी मला पहिला बॉक्स उघडायला शिकवलाय. त्यांच्या जीपला माझा पाना लागला, तर माझाच मान हाय. खरं, पुलर तेवढा आठवणीनं परत दे. लई मागणी हाय त्याला."

पुलर होता म्हणून बरं. ड्रॉप आर्म हातोडीनं काढायचा तर सगळी गल्ली जागी होते. जॅक लावला, पुढची चाकं वर घेतली, आर्मला चाकांशी जोडणारा दांडा सोडवला. शिवानीनं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले. साडेतीन भरले. त्याचे निम्मे, पावणेदोन, तिथं बॉक्सचा मध्य. तिथं तिनं स्टेअरिंग धरलं आणि संघप्रियाला वाकून बघायला सांगितलं. संघप्रिया टॉर्च घेऊन खाली गेली आणि तिनं एकेक दाता निरखून बघितला. मग म्हणाली, "काका, तुम्हीच या खाली."

बाळासो जीपखाली सरकला. त्याच्या पंचाच्या दोन खुणा तिथं होत्या, स्वच्छ, ठसठशीत. एक दात्याच्या टोकाला, एक आर्मवर. पण समोरासमोर नव्हत्या. मधे एक दाता होता. म्हणजे त्यानं बसवल्यानंतर कुणीतरी आर्म काढून पुन्हा बसवला होता. कुणी, हेही तिथंच लिहिलं होतं. बॉक्सच्या काळ्या अंगावर खडूनं, थरथरत्या हातानं काढलेला ताजा 'श्री'.

चौगल्यांच्या गॅरेजातनं बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर अण्णांचा शेवटचा हात फिरायचा. कुणीही काम केलेलं असो, अण्णा एकदा वाकून बघणार, लागलं तर सुधारणार, आणि खडूनं 'श्री' काढणार. त्या 'श्री'शिवाय गाडी हलायची नाही. अष्टमीच्या दिवशी बाळासो देवळात गेला असताना त्यांनी हाही शेवटचा हात फिरवला होता.

आपली चूक नाही, हे कळल्यावर बाळासोला आधी इतका आनंद झाला, की झोपल्या झोपल्या तो हसला. आणि त्या हसण्यातच त्याच्या लक्षात आलं, की मग ती अण्णांची आहे. ज्या माणसानं नुसत्या आवाजावरनं बॉक्समधल्या बेअरिंगचा तुटका गोळा ओळखला होता, त्याला चाकं सरळ आहेत की नाहीत हे दिसलं नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनचं नाव काढलं की अण्णा उठून जायचे. बाळासोचं हसू गेलं. जीपखाली ग्रीसच्या वासात पडून त्याला रडू यायला लागलं, आणि त्यानं ते येऊ दिलं. खाली कोण बघतंय.

मग एकेक जण वाकून 'श्री' बघून आला. शालनला सगळ्यात आधी सुचायचं ते सुचलं. तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की यातलं काही दुरुस्त करू नका. जीप अशीच परत लावा, उद्या मामांना खुणा दाखवा आणि 'श्री' दाखवा. त्यांचं त्यांनाच कळेल, की आता वेळ झाली, आणि स्टेअरिंग आपसूक तुमच्या हातात येईल. खोटं तर काही सांगायचं नाही.

खोटं नव्हतंच. बाळासोला आयुष्यभर जे हवं होतं ते तिथं हातभर अंतरावर, खडूनं लिहून ठेवलेलं होतं. त्यानं कृष्णातकडं बघितलं. सकाळपासून दात काढणारा कृष्णात टेम्पोच्या पायरीवर खाली मान घालून बसला होता.

"दादा," तो म्हणाला, "अण्णांना सांगायचं न्हाई हं. तुला गॅरेज मिळू दे, मला मिळू दे, न्हाईतर कुनालाच नगं मिळू दे. पर ह्ये सांगायचं न्हाई."

महिनाभरात दोघं भाऊ पहिल्यांदाच एका बाजूला आले. शालननं दोघांकडं बघितलं, सुस्कारा टाकला, आणि मग पदर खोचून पाना कुठला हवाय म्हणून विचारलं.

पुलरचे दोन पंजे आर्मला अडकवले, मधला बोल्ट आवळत नेला, आणि टक्कन आर्म सुटला. बाळासोनं खुणेला खूण जुळवली, नट आवळला. मग प्लेचा, म्हणजे स्टेअरिंगचा ढिलेपणा काढायचा, स्क्रू. कृष्णात वर बसून स्टेअरिंग इकडंतिकडं हलवत होता, बाळासो खाली आर्मला हात लावून अंदाज घेत होता. थोडं डावं, बास. परत. घट्ट झालं, पाव फेरा सोड. लहानपणी दोघं असंच काम शिकले होते, एक वर, एक खाली, आणि अण्णा मधे शिव्या देत. शेवटी कृष्णातनं दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवून बघितलं आणि मान डोलावली.

शिवानी फडकं घेऊन 'श्री' पुसायला वाकली. बाळासोनं तिचा हात धरला.

"त्यो राहू दे," तो म्हणाला. "त्याबिगर गाडी हलत न्हाई आपली."

तेवढ्यात समोरनं अण्णांचा खोकला ऐकू आला. सगळ्यांची पळापळ झाली. जॅक काढला, पाने तात्यांच्या हवाली केले, हाताला येईल ते आत टाकलं आणि जीप ढकलली. यावेळी ती एका दमात वळली. अण्णा डोळे चोळत उठून बसले, तेव्हा जीप जागेवर होती, चौघं घामाघूम होऊन तिच्याभोवती उभे होते, आणि हारात झेंडूची तीन फुलं शिल्लक होती.

"काय करालायसा रं?" अण्णांनी विचारलं.

"राखण," कृष्णात म्हणाला.

दसऱ्याला दुपारी दोनला अण्णा कोल्हापुरी फेटा बांधून बाहेर आले. जीपमध्ये चढले, स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवली, डावीकडं टोकापर्यंत नेलं, उजवीकडं टोकापर्यंत नेलं, आणि मध्यावर आणून सोडलं. त्यांचा चेहरा फुलला. समोरच्या शेडच्या दारात आकारामतात्या पांढरेशुभ्र कपडे घालून मिरवणुकीला निघाले होते, अण्णांनी त्यांनाही हाक मारून थांबवलं.

"बघा सगळ्यांनी," अण्णा म्हणाले. "ह्याला म्हनत्यात स्टेअरिंग. बाळासोनं एक दाता चुकवला होता. मी शेवटचा हात फिरवला म्हून बरं, न्हाईतर आज पानपट्टीत घुसलो असतो. कच्चा हाय अजून थोरला. यंदा मीच चालवतो. फुडच्या वर्षी बघू."

कृष्णातचं तोंड उघडलं. शालननं त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण तिचेही डोळे भरले होते. आकारामतात्या चपलेकडं बघत राहिले. सगळे बाळासो काय म्हणतो याची वाट बघत होते. बाळासोला वाटलं, की एका वाक्याचं काम आहे. वाकून बघा अण्णा, एवढंच.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

अण्णांनी समाधानानं मान हलवली आणि काच पुसायला सीटखालचं फडकं ओढलं. फडक्याबरोबर काहीतरी जड बाहेर आलं आणि त्यांच्या पायावर पडलं. त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ नेलं. पुलर होता, दांडीला निळा पट्टा, पंज्याला ओलं ग्रीस.

अण्णांनी पुलर फिरवून बघितला. मग समोर पाटावर बघितलं, तिथं चौगल्यांचा पुलर कुंकू लावून झेंडूखाली बसला होता. मग बाळासोची नखं बघितली. कितीही घासली तरी नखातलं ग्रीस एका दिवसात जात नाही, हे त्यांनीच पोराला शिकवलं होतं. शेवटी त्यांनी स्वतःची बोटं बघितली, बराच वेळ.

"पूजेतलं हत्यार कुनी उचललं काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अण्णा. आपलं एकबी हललेलं न्हाई."

"व्हय. दिसतंय."

अण्णा खाली उतरले. फेटा सारखा केला. चालत रस्त्यापर्यंत गेले आणि पुलर आकारामतात्यांच्या हातात दिला. "पोरं आठवनीनं वस्तू परत देत न्हाईत," एवढंच म्हणाले. परत आले, जीपला पुढनं वळसा घातला आणि डाव्या बाजूच्या सीटवर चढून बसले. त्या सीटवर ते चाळीस वर्षांत बसले नव्हते. पाय कुठं ठेवायचे ते त्यांना क्षणभर कळेना.

"मध्य कुनी काढला?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"शिवानीनं," बाळासो म्हणाला.

"हं. उद्यापासनं खडू तिच्याकडं." मग ते खेकसले, "आनि तू काय हुबा ऱ्हायलायस? बस की. सोनं संपंल तितं."

बाळासो बसला. मागं शालन, कृष्णात आणि शिवानी एकमेकांना ढकलत चढले. कृष्णातनं पुढं वाकून भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आजच्यापुरता तो काढला नाही. गल्लीच्या तोंडाशी डावं वळण आलं. बाळासोनं दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवलं आणि जीप पानपट्टीला हातभर जागा सोडून वळली. त्याला समोरचं सगळं पाण्यातनं बघितल्यासारखं दिसत होतं, म्हणून त्यानं गाडी हळूच घेतली.

शेजारी अण्णा ताठ बसले होते, रस्त्यावर नजर लावून. त्यांचा उजवा पाय मात्र दसरा चौकापर्यंत नसलेला ब्रेक दाबत होता.